पाच बोटं, चार फटी

शिकता-शिकवता : लेखांक ६

संध्याकाळी सहा वाजता ग्राउंडवर जो पोरगा "अबे, बॉल फेक ना!" म्हणून ओरडतो, तोच सात वाजता वहीची सुरळी करून दारात उभा राहतो आणि विचारतो, "दादा, येऊ का?" मधल्या तासाभरात आपण काहीच मिळवलेलं नसतं. हातपाय धुतलेले असतात, इतकंच. तरी 'अबे'चा 'दादा' झालेला असतो आणि तो 'दादा' साडेआठपर्यंत टिकवायचा असतो.

गेल्या आठवड्यात आपण आईवडील शिकवणी का लावतात ते पाहिलं. आज शिकवणाऱ्याकडे वळू; तोही पन्नाशीतला, खडूने बोटं पांढरी झालेला मास्तर नव्हे, तर विद्यार्थ्यापेक्षा जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठा असलेला. गावोगावी हा प्राणी आढळतो. बारावी झालेली ताई, पहिल्या वर्षाचा दादा. मीही एकेकाळी तोच होतो. कन्हानला राहायचो, कॉलेज नदीपलीकडे कामठीला, आणि संध्याकाळी नववी-दहावीची सात पोरं घरी यायची. फळा नव्हता, दाराच्या मागच्या बाजूला खडूने लिहायचो. बहुतेकांचे वडील खदानीत. बापाची पाळी बदलली की शिकवणीची वेळ बदलून मागायचे, कारण घर दीड खोल्यांचं आणि रात्रपाळीचा बाप संध्याकाळी निघेपर्यंत झोपलेला. सुरुवातीला मला ही सबब वाटायची. एकाच्या घरी जाऊन आल्यावर वाटेनाशी झाली.

वय जवळ असण्याचा खरा उपयोग मला अंकगणिती श्रेढीने दाखवला. दहावीच्या बीजगणितात एक सूत्र असतं: श्रेढीचं n वं पद काढायचं तर पहिल्या पदात साधारण फरकाची (n – १) पट मिळवायची. मी स्वतः दहावीत याच 'वजा एक'ला अडलो होतो. दहावं पद हवंय, तर नऊनेच का गुणायचं? आमच्या सरांनी सांगितलं, सूत्र आहे, पाठ कर. पाठ केलं, मार्क पडले, प्रश्न तसाच राहिला. तीन वर्षांनी सतरंजीवरच्या एका पोराने तोंड वर केलं. "दादा, यन वजा एक काहून? नुसता यन काहून नाही?"

मला उत्तर येत नव्हतं. पण हा प्रश्न कुठे दुखतो ते चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, "हाताले बोटं किती?"

"पाच."

"अन् मधात फटी?"

तो हाताकडे बघत राहिला. मग हळूच, "चार." आणि लगेच, "म्हणजे पहिल्या बोटापासून पाचव्यापर्यंत जायला उड्या चारच!" उड्या हा शब्द त्याचा, मी शिकवलेला नाही. पहिल्या पदावर आपण आधीच उभे असतो, तिथे उडी लागत नाही. मलाही ते नीट तेव्हाच कळलं.

वीस वर्षं शिकवलेल्या मास्तरांना हे सूत्र श्वासासारखं झालेलं असतं. ठेच कुठे लागते ते त्यांना आठवत नाही, कारण त्या दगडावरून ते कधीच पुढे गेलेले. तरुण शिकवणाऱ्याच्या अंगठ्याला मात्र अजून खपली असते. ज्ञान कमी आणि जखम ताजी, हेच त्याचं भांडवल. पण ते झिजतं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापर्यंत मीही "हे उघडच आहे" म्हणायला लागलो होतो. म्हणून जे आज शिकवतात त्यांना माझा पहिला सल्ला वहीचा. रोज एक ओळ: आज कोण कशाला अडलं, आणि आपण कधीकाळी तिथे अडलो होतो का.

पोरांनी पोरांना शिकवण्याचा एक जुना किस्सा इथे सांगण्यासारखा आहे, कारण त्याची सुरुवात आपल्याकडच्या धुळाक्षरांतून झाली. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासजवळ एग्मोरला सैनिकांच्या मुलांसाठी एक अनाथाश्रम होता आणि अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री तो बघत होता. एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याला दिसली. आपल्या शिक्षकांना त्याने तसं करायला सांगितलं, पण त्यांना ते रुचलं नाही. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या सैनिकपुत्राला बसवलं आणि लहानग्यांना अक्षरं शिकवायला लावली. पोराने ती शिकवली. बेलने १७९७ मध्ये लंडनला यावर पुस्तिका काढली आणि पुढे जोसेफ लँकेस्टरच्या हातून ही पद्धत जगभर गेली. त्या पद्धतीत मॉनिटर म्हणजे शिकवणारा मुलगा. आपल्या वर्गातला मॉनिटर मात्र सर बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो! शब्दाची अशी बढती क्वचितच होते, किंवा अशी घसरण.

तरुणांनीच शिकवण्याचा दुसरा जुना दाखला मुंबईचा. तिथे १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मराठी आणि पारशी मुलींच्या शाळा सुरू केल्या. सुरुवातीला शिकवायलाही तेच, सकाळी, बिनपगारी. दादाभाई नौरोजी त्यातलेच, तेव्हा पंचविशीच्या आतले.

अलीकडचा दाखला जास्त कामाचा, कारण त्याचं मोजमाप झालंय. 'प्रथम' ही संस्था १९९४ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिच्या बालसखी उपक्रमात वस्तीतलीच, साधारण दहावी झालेली मुलगी महापालिकेच्या शाळेत जायची. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्याकडे असायची. तिला प्रशिक्षण दोन आठवड्यांचं आणि मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये. मुंबई आणि वडोदऱ्याला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा रीतसर अभ्यास केला आणि २००७ मध्ये तो छापून आला. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत तळाशी असलेल्यांचे सर्वांत जास्त. बालसखी त्या मुलांच्या बरोबरीची नव्हती, बरीच मोठी होती, तरी वर्गावरच्या बाईंपेक्षा ती त्यांच्या जास्त जवळची. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लोक कमी सांगतात. उपक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभराने त्या वाढीचा बराच भाग ओसरला होता. म्हणजे शिकवणी ही लस नाही, दोन टोचल्या की झालं असं होत नाही.

आता सतरंजीवर परत येऊ. जवळच्या वयाचे फायदे आहेत तसे खड्डेही आहेत आणि मी त्यातल्या जवळपास प्रत्येकात पडलोय.

सर्वांत खोल खड्डा दोन शब्दांचा: "सोप्पं आहे." आपण धीर द्यायला म्हणतो. पन्नाशीच्या सरांनी म्हटलं तर पोराला वाटतं, त्यांचं काय, ते सर आहेत. पण शेजारचा, कालपर्यंत आपल्यासोबत पतंग उडवणारा दादा म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एकच निघतो, की हे मला येतं आणि तू मठ्ठ आहेस. अंतर कमी असलं की तुलना आपोआप होते. त्यात घरची मंडळी तेल ओततात. "बघ, तुझ्याहून तीन वर्षांनीच तर मोठा आहे!" ही छडी आपल्या नावाने उगारली जाते आणि मार त्याला बसतो. मी एका काकूंना शेवटी सांगितलं की माझी दहावीची गुणपत्रिका तुम्ही बघितलेली नाही म्हणून बरं आहे. त्या हसल्या. पोरगाही हसला आणि त्या दिवसापासून जरा मोकळेपणाने चुकायला लागला.

मोकळेपणाने चुकू देणं हे अर्धं काम आहे, कारण चूक दिसल्याशिवाय तिचं मूळ सापडत नाही. नववीतल्या एकाने –३ –५ = +८ लिहिलं. माझा लाल पेन उठलाच होता. तरी विचारलं, कसं काढलं? तो आत्मविश्वासाने म्हणाला, "मायनस मायनस प्लस." नियम पक्का पाठ होता, फक्त गुणाकाराचा नियम बेरजेच्या घरात शिरला होता. मी 'चूक' म्हणून खोडलं असतं तर त्याने तो नियमच सोडून दिला असता आणि गुणाकारही गेला असता. म्हटलं, "टपरीवर तीन रुपये उधार आहेत. अजून पाचाचं घेतलं. आता?" "आठ उधार," तो म्हणाला, आणि स्वतःच +८ मधल्या अधिकाची आडवी रेघ तेवढी ठेवली.

पेन त्याच्याच हातात होतं हे महत्त्वाचं. तरुण शिकवणाऱ्याचा हात फार शिवशिवतो. "दे इकडे, दाखवतो" म्हणून आपण गणित सोडवतो, सुंदर सोडवतो, आणि समोरचा नाटक बघितल्यासारखा बघतो. मग आपण विचारतो, "समजलं?" उत्तर ठरलेलं: "हाव दादा." या 'हाव'वर एक रुपयाही लावू नका. त्याऐवजी म्हणा, "आता मला शिकव, मी आठवीतला आहे असं समज." पहिले चार दिवस लाजतात, नंतर फारच मजेत मास्तरकी करतात.

भाषेचा एक खड्डा आमच्या भागात विशेष. कॉलरीच्या वस्तीत हिंदी बोलणारी घरं पुष्कळ. कोणी सेमी-इंग्रजीला, कोणी मराठी माध्यमात. एकाच सतरंजीवर 'स्क्वेअर रूट' आणि 'वर्गमूळ' मांडीला मांडी लावून. मी तोंडी गणित सांगताना 'एकोणनव्वद' म्हटलं की एक जण हमखास ९९ लिहायचा. बरेच दिवस मी त्याला धांदरट समजलो. त्याच्या घरी ८९ ला 'नवासी' म्हणतात, म्हणजे ऐंशी आणि नऊ. मराठीत तोच आकडा नव्वदाला एक उणा. त्याने बिचाऱ्याने 'नव्वद' ऐकलं आणि पुढे नऊ जोडले. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यानामं दिली तेव्हा ते पुस्तक करणाऱ्या मंगला नारळीकरांच्या समितीवर केवढी टीका झाली! विनोदही झाले. मी त्यात सामील झालो नाही, मला तो ९९ आठवत होता.

अधिकाराबद्दल विचारतात. पोरं ऐकत नाहीत, काय करू? आवाज चढवून काही होत नाही, ते तुमचा ग्राउंडवरचा आवाज ओळखतात. उपयोगी पडतात त्या कंटाळवाण्या गोष्टी. सातला म्हणजे सातला दार उघडं असणं. न येणाऱ्या प्रश्नाला "माहीत नाही, उद्या सांगतो" म्हणणं आणि उद्या खरंच सांगणं. मी एकदा भूमितीच्या एका उदाहरणाला चुकीची सिद्धता ठोकून दिली. शाळेत ती उघडी पडली. नंतर आठवडाभर माझं बरोबर उत्तरही पोरं पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ताडून बघायची.

आणि एक नाजूक बाब. सरांना जे सांगत नाहीत ते पोरं दादाला, ताईला सांगतात. कोणी तंबाखूचा खर्रा खायला लागलाय, कोणाचं शाळा बुडवून कामठीला फिरणं चाललंय. लगेच घरी चुगली केली तर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. सगळंच पोटात ठेवलं तर एक दिवस पस्तावायची पाळी येते. मी रेघ अशी ओढली होती: ज्यात जीवाला किंवा अंगाला धोका आहे, ते मोठ्यांच्या कानावर जाणार, आणि जाणार हे त्याला आधी सांगून. बाकीचं सतरंजीवरच राहील. मुलामुलींची शिकवणी असेल तर दार उघडं आणि घरात कोणीतरी मोठं, यात तडजोड नको.

कायद्याचंही विचारून घ्या. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात शिकवणारा किमान पदवीधर हवा, सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, असं आहे. ते वाचून एका बारावीच्या मुलीने घाबरून विचारलं, माझी पाच पोरांची शिकवणी बेकायदा झाली का? त्या सूचनांत कोचिंग केंद्राची व्याख्याच पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांची आहे. तिला म्हटलं, आधी सहावा शोध.

राहिली फी. महिना संपला की माझ्या सातांपैकी तिघांच्या आया म्हणायच्या, "पगार झाला का देतो बेटा," आणि मी "हो काकू" म्हणून घरी यायचो. एकदा तर एकीने फीऐवजी डबाभर मुगाच्या वड्या दिल्या आणि आमच्या आईला तोच व्यवहार जास्त पटला. फी मागावी कशी, किती, आणि मित्राच्या भावाकडून घ्यावी का, ते पुढच्या आठवड्यात.