चूक कोणाची, हा प्रश्न अपुरा आहे

पालीत महामार्गाच्या कडेला घटकाभर उभे राहिले, की रस्ता ओलांडण्यासाठी ताटकळलेली माणसे दिसतात. पाठीवर दप्तर घेतलेले मूल, डोक्यावर भारा घेतलेली बाई, आणि समोरून धावणारे ट्रक. त्यांतले कोणी गाडीखाली सापडले, तर आपण सारे एकच विचारतो : चूक कोणाची? चालवणाऱ्याची की चालणाऱ्याची? हा प्रश्नच अपुरा आहे, असे जन्मभर सांगत राहिलेल्या एका अभियंत्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. त्यांचे नाव दिनेश मोहन.

मोहन यांचा जन्म १९४५ चा. यंत्र-अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पवईच्या आयआयटीतून घेतली आणि पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी यंत्राऐवजी माणसाच्या शरीराचाच अभ्यास धरला. हाड किती भार सोसते, कवटी किती धक्का सहन करते, हा तो विषय. उंचावरून डोक्यावर पडलेल्या मुलांच्या घटना तपासून मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सहनशक्तीचा हिशेब मांडला.

हा हिशेब आपल्या रस्त्याला लावून पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी गाडी अंगावर आदळणे म्हणजे, वेगाच्या दृष्टीने, सुमारे १० मीटर उंचीच्या माडावरून खाली येणे. वेग ३० असेल तर ती उंची साडेतीन मीटर भरते. वेग ६० झाला, की १४ मीटर. म्हणजे वेग दुप्पट होताच उंची चौपट होते. साडेतीन मीटरवरून पडलेला माणूस बहुधा वाचतो, चौदावरून पडलेल्याच्या जिवाचा भरवसा नसतो. माणूस कितीही सावध असला तरी त्याची कवटी जाड होत नाही, एवढी साधी गोष्ट आपण विसरतो.

अमेरिकेत सीटबेल्ट आणि एअरबॅग यांवर काम करून मोहन स्वदेशी परतले व दिल्लीच्या आयआयटीत रुजू झाले. हरितक्रांतीनंतर उत्तरेत गावोगाव मळणीयंत्रे आली होती आणि त्यांत शेतमजुरांचे हात तुटत होते. (कोकणात आपण भात झोडूनच काढत आलो, म्हणून ही वार्ता आपल्या कानी फारशी आली नसावी.) मजूर बेफिकीर असतात, पेंगतात, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. पण पेंढी आत सारण्याची पन्हळ आखूड आणि उघडी असेल, तर दमलेल्या माणसाचा हात दात्यांपर्यंत पोचणारच! पन्हळ लांब केली, तिचा पुढचा भाग झाकला, की तोच दमलेला माणूस हात शाबूत घेऊन घरी जातो. कारखान्यातील यंत्राच्या फिरत्या भागाला आडोसा हवा, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरविले होते. शेतातल्या मजुराला मात्र १९८३ च्या धोकादायक यंत्रांच्या कायद्याची वाट पाहावी लागली.

मोहन आणि त्यांचे सहकारी हरियाणातील खेड्यांत प्रत्यक्ष गेले, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. बोभाटा मळणीयंत्राचा होता, पण घरोघरी असलेले कडबाकुट्टीचे यंत्रही तितकेच घातकी होते, आणि त्यात लहान मुलांची बोटे जात होती. मुलांना चाक फिरवायला आवडते. त्यांना किती वेळा दटावणार? काम नसताना चाक अडकवून ठेवणारी खिट्टी, पात्यावर आडोसा, असे गावच्या लोहारालाही जमतील असे उपाय त्यांनी सुचविले. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कार्यात हे काम सर्वांत मोलाचे, जरी नाव झाले ते रस्त्यांमुळे.

रस्त्यांवरही त्यांनी हीच दृष्टी लावली. आपल्याकडे मरतात ते मुख्यत्वे पायी चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीस्वार, मोटारीत बसलेले कमी. तेव्हा पाश्चात्त्यांचे मोटारीपुरते उपाय जसेच्या तसे उचलून भागणार नाही, असे ते बजावीत. हेल्मेट, पदपथ, वस्तीत वेगाला आवर, आणि चौकात वर्तुळ, हा त्यांचा आग्रह. वर्तुळापाशी प्रत्येकाला वळावे लागते, वळताना वेग आपोआप उतरतो. तेथे पाटीची किंवा पोलिसाची गरज उरत नाही. भित्तिपत्रकांनी माणसे सुधारतात यावर त्यांचा विश्वास नव्हता. ‘अपघात’ हा शब्दही त्यांना खटके, कारण त्यात दैवाचा वास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली रस्त्यांवरील इजांविषयी जो मोठा अहवाल काढला, त्याच्या संपादकांत ते होते.

सारेच साधले असे नव्हे. दिल्लीत बससाठी स्वतंत्र मार्गिका त्यांच्या संस्थेच्या विचारातून २००८ साली सुरू झाली. मोटारवाले चिडले, आणि २०१६ साली ती उखडली गेली. बसमधील माणसांची संख्या मोजा, गाड्यांची नव्हे, हे त्यांचे म्हणणे आम्हांस आजही बिनतोड वाटते. ते लोकांना आधी पटवून द्यायला हवे होते, हेही तितकेच खरे.

२१ मे २०२१ रोजी कोरोनाने मोहन यांचे निधन झाले. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली.