पोरगं मोबाईलवर बुद्धिबळ खेळतंय, पण सुधारतंय का? महिन्याचा हिशेब असा मांडा

नागपूरच्या दिव्या देशमुखनं २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बटुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. वय १९. अंतिम सामन्यात समोर कोनेरू हम्पीसारखी अनुभवी खेळाडू होती. त्यानंतर आपल्या भागातही बुद्धिबळाची हवा झाली. ज्या पोरांकडं पट नाही, ती मोबाईलवर खेळायला लागली.

आता घराघरात एक नवीन भांडण आहे. पोरगं म्हणतं, "मी बुद्धिबळ शिकून राहिलो." बाप म्हणतो, "तू मोबाईल घासून राहिला." दोघांपैकी खरं कोण, हे ठरवायचं कसं?

माझ्या बांधाला लागून ज्यांचं वावर आहे, त्यांच्या घरी नोव्हेंबरात हेच झालं. पोरगा नववीत. त्यांनी मला बोलावलं. "भाऊ, तुम्हाले थोडंफार समजते यातलं. एक महिना देतो याले. सुधारला तर फोन राहील, नाही तर कपाटात." दोघांचीही नावं देत नाही. पण त्या महिन्याचा हिशेब सगळ्यांच्या कामाचा आहे, म्हणून लिहितो.

पारावरचा खेळ आणि मोबाईलवरचा खेळ

पोरगा आजोबाजवळ शिकला होता. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं एकच घर चालतं. मोबाईलवर आंतरराष्ट्रीय नियम असतात. तिथं प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं जाता येतं. आपलं प्यादं पाचव्या ओळीत असेल आणि समोरच्याचं प्यादं दोन घरं उडी मारून बाजूला येऊन बसलं, तर लगेच पुढच्याच चालीत ते तिरपं मारता येतं, जणू ते एकच घर आलं होतं. या पोराचं प्यादं असं मारलं गेलं तेव्हा त्याला वाटलं, ॲप लबाडी करतंय. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, हेही त्याला नवीन होतं. म्हणून आधी नियम नीट शिका. लिचेस या ॲपवर ते फुकट शिकता येतात, जाहिराती नाहीत.

आधीचा आठवडा

सुरुवातीच्या आठवड्यात त्यानं ४१ डाव खेळले. बहुतेक तीन-तीन मिनिटांचे, रात्री अंथरुणात. हरला की चिडून लगेच दुसरा. एकही डाव परत पाहिला नाही. हा अभ्यास नाही. बाप इथं बरोबर होता.

मग आम्ही तिघांनी बसून रोजचं ४५-५० मिनिटांचं वेळापत्रक केलं:

१. दहा मिनिटं कोडी. "पांढऱ्याची चाल, सर्वात चांगली कोणती?" असले प्रश्न. उत्तर मनात पूर्ण ठरवूनच बोट लावायचं.

२. रोज एकच लांब डाव. प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जादा. यात विचार करायला वेळ मिळतो.

३. डाव संपला की तो परत पाहायचा. आधी स्वतः शोधायचं की कुठं बिघडलं. मग ॲपमधल्या संगणकाला विचारायचं.

४. रविवारी डावाचा शेवट. एकटा वजीर किंवा दोन हत्ती घेऊन मात कशी करायची, राजा आणि एक प्यादं उरलं तर ते पलीकडं कसं न्यायचं.

रात्री नऊनंतर फोन आईजवळ.

वहीत काय लिहायचं

शंभर पानांची वही घेतली. तारीख, पांढरी की काळी, निकाल, आणि एका ओळीत हरण्याचं कारण. कारणं पाचच ठेवली: मोहरं फुकट दिलं, मात दिसली नाही, वेळ संपला, जिंकत आलेला डाव शेवटी घालवला, रेंज गेली.

रेंजचा रकाना मुद्दाम ठेवला. आपल्याकडं डाव रंगात आला की टॉवर जातो. बराच वेळ परत येता आलं नाही, तर समोरच्याला विजय मागता येतो. तो पराभव ॲपमध्ये मोजला जातो, पण ती पोराची चूक नसते.

महिना संपला तेव्हा

वेचणीचे दिवस आणि चाचणी परीक्षा यांमुळे चार दिवस सुटले. २६ दिवसांत २६ डाव झाले. ११ जिंकला, १३ हरला, २ बरोबरीत.

बापानं आधी ॲपमधला आकडा पाहिला. सुरुवातीला १५००, महिन्याच्या शेवटी १२३१. ते म्हणाले, "हे पाहा भाऊ, खालीच गेला ना!"

इथंच बऱ्याच घरांत फसगत होते. लिचेसवर नवीन माणसाला १५०० आकडा मिळतो तो कमावलेला नसतो. ॲपला तुमचा खेळ माहीत नसतो म्हणून मधलाच एक आकडा देऊन ठेवतात आणि बाजूला प्रश्नचिन्ह लावतात. पहिल्या काही डावांत तो आकडा झपाट्यानं खाली-वर होऊन खऱ्या जागी येतो. जलद डावांचा आणि लांब डावांचा आकडाही वेगवेगळा असतो. ते एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात.

म्हणून आम्ही वही उघडली आणि महिन्याचे दोन भाग केले.

पहिले १३ डाव: ४ जिंकले, ८ हरले, १ बरोबरी. आठपैकी ६ वेळा मोहरं फुकट दिलं, एकदा वेळ संपला, एकदा रेंज गेली. तेव्हा आकडा ११६४ वर आला होता.

नंतरचे १३ डाव: ७ जिंकले, ५ हरले, १ बरोबरी. मोहरं फुकट दिलं दोनदाच. रेंज एकदा गेली. दोन डाव जिंकत येऊन शेवटी घालवले. आकडा ११६४ वरून १२३१.

म्हणजे १५०० पासून मोजलं तर घसरण, आणि जागेवर आल्यापासून मोजलं तर वाढ. पण २६ डाव म्हणजे फार नव्हेत. साठ-सत्तर गुण नशिबानंही वर-खाली होतात. त्यापेक्षा मला हरण्याचं कारण बदललं हे महत्त्वाचं वाटलं. आधी तो सुरुवातीलाच घोडा नाही तर उंट देऊन बसायचा. आता डाव शेवटपर्यंत नेतो आणि तिथं अडकतो. जुना रोग कमी झाला, नवा समजला. पुढच्या महिन्याचा अभ्यास त्यातूनच ठरला: डावाचा शेवट.

फुकट मोहरं देणं कमी कसं झालं? एकाच सवयीनं. प्रत्येक चालीआधी दोन प्रश्न: त्यानं ही चाल काहून केली? माझं कोणतं मोहरं उघडं पडलं?

खरं रेटिंग वेगळं असतं

ॲपचा आकडा म्हणजे जागतिक संघटना फिडेचं रेटिंग नव्हे. ते मिळवायला मान्यताप्राप्त स्पर्धेत, समोरासमोर बसून, रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात आणि खेळही तेवढा व्हावा लागतो. १ मार्च २०२४ पासून फिडेच्या यादीत १४०० च्या खालचं रेटिंग नसतं. यादी दर महिन्याला निघते.

हिशेबाची रीत सोपी आहे. बरोबरीच्या माणसाला हरवलं तर मध्यम फायदा, आपल्याहून तगड्याला हरवलं तर जास्त, आणि कच्च्याला हरवलं तर थोडाच. उदाहरणार्थ, अठरा वर्षांखालच्या दोन नवख्या खेळाडूंचं रेटिंग सारखं असेल, तर जिंकणाऱ्याचे २० गुण वाढतात आणि हरणाऱ्याचे २० जातात. त्यामुळं दुबळ्या पोरांना रोज हरवून कोणी पुढं जात नाही.

लगेच तिथंपर्यंत धावायची गरज नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळ आहे. वाट तालुक्यापासून सुरू होते. शाळेतल्या खेळाच्या सरांना विचारा, नाव द्या. समोर माणूस बसलेला असताना हात कापतो. ते मोबाईलवर शिकता येत नाही.

फोनचं काय झालं?

फोन कपाटात गेला नाही. पण नऊचा नियम कायम आहे, आणि परीक्षेच्या आठवड्यात डाव बंद. एक बदल मात्र मी पाहिला. आधी बाप विचारायचा, "जिंकला का?" परवा वावरातून येताना ऐकलं, ते पोराला विचारत होते, "कालचा डाव काहून हरला?" आणि पोरगा वही काढून सांगत होता.