रिव्हर ऑफ स्मोक : आयबिस त्रयीतील मधला दुवा

अमिताव घोष यांची ‘रिव्हर ऑफ स्मोक’ (2011) ही आयबिस त्रयीतील दुसरी ऐतिहासिक कादंबरी. तिच्याआधी ‘सी ऑफ पॉपीज’ (2008) आली आणि ‘फ्लड ऑफ फायर’ने (2015) त्रयी पूर्ण झाली. तिन्हींच्या केंद्रस्थानी ब्रिटन आणि चीन यांच्यातील पहिल्या अफू युद्धाचा काळ आहे.

पहिल्या भागात गंगेकाठची अफूची शेती, गाझीपूरचा कारखाना आणि मॉरिशसला निघालेले गिरमिटिया (करारबद्ध) मजूर दिसतात. दुसरा भाग मुख्यतः चीनमधील कँटन बंदरात घडतो. 1838 च्या सप्टेंबरमधील वादळात तीन जहाजे सापडतात : मजुरांचे ‘आयबिस’, अफूने भरलेले ‘अनाहिता’ आणि दुर्मीळ रोपांच्या शोधातील ‘रेडरुथ’.

‘अनाहिता’चा मालक बहराम मोदी हा मुंबईचा पारशी व्यापारी. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे आणि अनेक पारशी पेढ्या त्या व्यापारात होत्या. या इतिहासावरच हे पात्र उभे आहे. प्रेमळ, दिलदार बहराम विषाच्या व्यापारात गुंतलेला आहे, आणि हीच कादंबरीची सर्वांत मोठी ताकद.

मार्च 1839 मध्ये चिनी सम्राटाचे आयुक्त लिन झेशू कँटनला येतात आणि परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेतात. पुढे ती नष्ट केली जाते. मुक्त व्यापाराच्या नावाखाली चाललेला ढोंगीपणा घोष इथे उघडा पाडतात. या संघर्षातून भडकलेले युद्ध तिसऱ्या भागात येते.