स्मृतिभ्रंश आणि घरची भाषा

व्यंकोजी भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला आपली सत्ता स्थापिली, आणि कावेरीच्या खोऱ्यात मराठी कुटुंबे स्थिरावत गेली. १८५५ मध्ये ते राज्य संपुष्टात आले. घरातील मराठी मात्र टिकली. कुंभकोणम, आडुतुरै या परिसरात बाजाराची, शाळेची व दवाखान्याची भाषा तमिळ होय. तंजावरी मराठी ही अशा कुटुंबांची घरची बोली. वार्धक्यात स्मृतिभ्रंश जडला म्हणजे भाषांच्या या विभागणीला विशेष महत्त्व येते.

स्मृतिभ्रंश हा वयाचा अटळ परिणाम नव्हे. मेंदूतील पेशींचा ऱ्हास घडविणाऱ्या विकारांमुळे तो उद्भवतो. त्यांपैकी अल्झायमर हा प्रमुख होय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतातील साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोक, या अवस्थेत आहेत. तथापि ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष होते व निदान लांबते.

अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात व जुन्या मागाहून, हे तत्त्व फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो याने १८८१ मध्ये मांडले. भाषेच्या बाबतीतही पुष्कळदा असेच घडते : मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते, बालपणीची टिकून राहते. अर्थात दोन्ही भाषा लहानपणीच आत्मसात झाल्या असतील, तर कोणती अधिक वापरात होती यावरही बरेच अवलंबून असते.

यातून तपासणीची अडचण उद्भवते. केवळ तमिळमधून प्रश्न विचारल्यास भाषेची अडचण ही स्मृतीची उणीव समजली जाण्याचा संभव असतो. उलट पुण्याची प्रमाण मराठी प्रश्नावलीही येथे उपयोगी पडत नाही. कारण या बोलीत तमिळ शब्द मिसळलेले आहेत आणि ती बोलणाऱ्या अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. म्हणून संभाषण घरच्या बोलीत व्हावे, आणि लेखन-वाचनाची परीक्षा रुग्णाचे शिक्षण ज्या भाषेत झाले त्या भाषेत घ्यावी.

शुश्रूषेचा प्रश्न याहून बिकट आहे. आजी मराठीत पाणी मागते. नातवंडांना वा पगारी सेविकेला ते उमगत नाही, आणि तिची तहान हट्ट ठरते. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतही हीच स्थिती येऊ शकते. भूक, वेदना, भीती व शौच यांसाठी रुग्ण वापरतो ते शब्द वेळीच टिपून शुश्रूषा करणाऱ्यास शिकविणे, हा अल्पखर्ची उपाय आहे. त्याने विकार हटत नाही. परंतु रुग्णाचे म्हणणे कळते, आणि आपल्याच घरात परके होण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.