जेवणाच्या टेबलावर लागलेला शोध

आमच्या चिचगडकडे 'रक्ताचा आजार' म्हटलं की बायकांच्या डोळ्यांपुढे सिकलसेल येतो. साहजिकच आहे, या भागात तो पुष्कळ आढळतो. पण रक्ताचा कर्करोग म्हटला की मात्र सगळं संपलंच, असं आपण धरून चालतो. त्यातल्या एका प्रकाराची हकीगत, मैत्रिणींनो, मुद्दाम सांगावीशी वाटते.

रक्त तयार होतं हाडांतल्या मगजात. तिथल्या मूळ पेशींची एक शाखा मायलॉइड. तांबड्या पेशी आणि बऱ्याचशा पांढऱ्या पेशी याच शाखेच्या. कोणत्या पेशीनं केव्हा वाढायचं, केव्हा थांबायचं, हे जनुकं ठरवतात. पाण्याच्या मोटारीचं बटण चालूवरच अडकलं तर टाकी भरून वाहू लागते ना? तसंच इथं होतं. एक जनुक कायम चालू राहतं आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. या आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया.

१९६० साली फिलाडेल्फियाच्या दोघा संशोधकांना अशा रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड दिसलं. तुटका तुकडा गेला कुठं, ते कळेना. ते कोडं सोडवलं शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी. चार मुलांची आई. मुलं लहान म्हणून कित्येक वर्षं अर्धवेळच नोकरी केलेली! गुणसूत्रांचे फोटो कात्रीनं कापून त्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडत. आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय म्हणून मुलं चिडवायची म्हणे. त्या बाहुल्यांतूनच १९७३ साली उमगलं की नववं आणि बाविसावं गुणसूत्र आपापले तुकडे बदलून बसतात. पुढं कळलं, की त्या सांध्यावर दोन जनुकं जुळतात नि बटण अडकतं ते तिथंच. (अर्धवेळ नोकरीला नाक मुरडणाऱ्यांना हे जरूर ऐकवा!)

मग त्या बटणालाच खीळ घालणारी गोळी निघाली, इमॅटिनिब. अमेरिकेत तिला २००१ साली मान्यता मिळाली. जीवघेण्या आजाराला रोजच्या गोळीनं वर्षानुवर्षं आवर घालता येऊ लागला. पण किंमत! मूळ कंपनीची गोळी तेव्हा महिन्याला लाखावर रुपयांची होती, तीच आपल्याकडच्या कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळायची. पेटंटच्या या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन रुग्णांच्या बाजूनं उभी राहिली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मूळ कंपनीचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. एवढी मोठी बातमी, पण स्वयंपाकघरापर्यंत ती पोचलीच नाही.

आता आपल्यापुरतं. सतत थकवा, वजन घटणं, रात्री घाम, डाव्या बरगडीखाली जडपणा, थोडं खाताच पोट भरणं. 'कामाचा शीण' म्हणून आपण हे महिनोन्‌महिने अंगावर काढतो. कारण दुसरंच काही साधंसुधं असेलही, पण रक्तपेशींची साधी तपासणी देवरीला करून घ्यायला काय हरकत आहे? पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या दिसल्या तर डॉक्टर पुढच्या तपासणीला नागपूरला पाठवतील.

गोळी सुरू असलेल्यांनी बरं वाटतं म्हणून ती परस्पर बंद करू नये; आजार पुन्हा उसळतो. आणि दिवस राहिले असतील, किंवा मूल हवं असेल, तर सासूबाईंच्या आधी डॉक्टरांना सांगा. गर्भाला ही गोळी अपायकारक ठरू शकते.