लवणारी फळी

पंप सुरू होतो आणि भाचा बोटानं गप्प राहायची खूण करतो. टेबलावरची जाड प्लॅस्टिकची पिशवी अजून सैल आहे. मग तिला एका कुशीवर सुरकुती पडते, दुसऱ्या कुशीवर पडते, आणि बघता बघता ती आतल्या लाकडाला अशी चिकटते की विनिअरचे थर बाहेरून मोजता यावेत. दाबमापकाचा काटा १५ वर जातो, २० वर जातो आणि तिथेच अडतो.

"गळतंय," भाचा म्हणतो.

बाहेर जुलैचा पाऊस. पत्र्यावर त्याचा ताशा वाजतोय आणि त्या आवाजात सुईच्या अग्राएवढ्या भोकातून आत शिरणारी हवा ऐकायची आहे. "ताई, जरा सरका," असं म्हणत मिस्त्री पुढे येतात. कालच्या वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला लावतात आणि दुसरं टोक पिशवीच्या शिवणीवरून सावकाश फिरवतात, डॉक्टर छाती तपासतात तसं. डाव्या कोपऱ्यात थांबतात. बुटाइलच्या चिकटपट्टीची तिथे घडी पडली आहे. अंगठ्यानं ती घडी दाबून बसवतात. काटा हलतो. २२. २४. २६.

आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात आहोत. पुढे मिस्त्रींचा गाळा आहे, चौकटी आणि दारांनी भरलेला. मागची पत्र्याची खोली त्यांनी माझ्या भाच्याला वापरायला दिली आहे. तो इथे विजेवर चालणाऱ्या स्केटबोर्डांच्या फळ्या घडवतो, एकेका माणसासाठी एकेक. चार महिने मी फोनवर नुसतं ऐकत होते, आज सकाळपासून समोर बसून बघते आहे.

"२६ म्हणजे पुरे?" मी विचारते.

"इथे २८च्या वर जाणारच नाही, मावशी." पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर. इथली हवा जरा विरळ, त्यामुळे पिशवी अगदी निर्वात केली तरी पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास काटा थांबतो. समुद्रकाठी तो जवळजवळ ३०ला टेकतो. २६ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ९०० ग्रॅम. आतलं लाकूड १०० सेंटिमीटर लांब आणि २८ रुंद आहे. मी मनातल्या मनात गुणाकार करते आणि पुन्हा एकदा करून बघते. अडीच टन. एसी दुरुस्त करणारे वापरतात तो पंप आतली हवा तेवढी काढून घेतो; दाबायचं काम बाहेरची हवा करते. मिस्त्रींच्या गाळ्यात असलेले सगळे शिकंजे एकत्र लावले तरी इतका सारखा दाब मिळणार नाही. शिकंजा ठरावीक ठिकाणी चावतो, हवा सगळीकडून बसते.

ही युक्ती स्केटबोर्डांच्या बाबतीत घराघरांत पोचवली टोरोंटोच्या टेड हंटर यांनी. पिशवी, हातपंप आणि फोमचा एकतर्फी साचा एवढ्यावर कुणालाही फळी घडवता येईल, हे त्यांनी दाखवलं. त्याआधी दोन बाजूंचा जड साचा आणि मोठा प्रेस लागायचा, म्हणजे कारखानाच लागायचा. भाच्याचा साचाही फोमचाच आहे, वरून फायबरग्लासचा हात दिलेला. त्यात दोन वाक आहेत. आडवा वाक पावलाच्या कडांना आधार देतो, वळताना फळी पायाखालून निसटू देत नाही. लांबीचा वाक कमानीसारखा वर उचललेला, म्हणजे माणूस उभा राहिला की फळी खाली येऊन जवळपास सपाट होते.

पिशवीत आठ थर आहेत, मेपलचे, प्रत्येक दीड मिलिमीटर जाड. थंड मुलुखात सावकाश वाढणारं हे झाड स्केटबोर्डवाल्यांनी पन्नासएक वर्षांपूर्वी पत्करलं ते आजतागायत सोडलेलं नाही. आठांपैकी सहा थरांच्या रेषा लांबीत धावतात, दोन थर आडवे घातले आहेत; ते नसते तर फळी लांबीत चिरली असती. सगळ्यात खाली फायबरग्लासचं कापड आहे. फळी वाकते तेव्हा तिचं पोट ताणलं जातं, म्हणून ताण सोसणारा पदार्थ पोटाला हवा.

कालची फळी सात थरांची होती, आजची आठ. एका बहीण-भावाची ही मागणी आहे. बहिणीचं वजन ५८ किलो, भावाचं ९२. एकच थर वाढवून एवढा फरक कसा भरून निघणार, हे मला पटत नव्हतं. भाच्यानं वहीत आकडे मांडून दाखवले. ताठरपणा जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. साडेदहा मिलिमीटरचे बारा झाले की फळी जवळजवळ दीडपट ताठ होते. शाळेत घन पाठ केले होते. ते पायाला जाणवतात, हे आज कळतंय.

चहा येतो. पिशवीवर जुनी गोधडी पडते आणि तिच्याखाली बल्ब लागतो, कोंबडीच्या पिलांना ऊब देतात तसा. पावसाळी गारव्यात थर जोडणारी इपॉक्सी आळसावते. मघाशी पेल्यात राळ आणि कठीणक कालवले तेव्हा मात्र पेला हातात धरवेना इतका तापला होता. भाच्यानं घाईनं ते विनिअरवर ओतून रबराच्या पट्टीनं पसरलं. एका ठिकाणी साठून राहिलं की ते स्वतःच्याच उष्णतेनं उकळतं, पातळ पसरलं की शांत होतं. मिस्त्रींना सुरुवातीला इपॉक्सीचा हा खर्च मान्य नव्हता, चाळीस वर्षं त्यांनी पांढऱ्या गोंदावर दारं जोडली. पण दार जागेवर उभं असतं, ही फळी दिवसातून हजार वेळा वाकणार. पांढरा गोंद सुकल्यावरही किंचित नरम राहतो आणि थर कणाकणानं एकमेकांवरून सरकतात. मिस्त्रींनी दोन तुकडे स्वतः जोडून, वाकवून, महिनाभर वजनाखाली ठेवून बघितले आणि मग मानलं. मला त्यांचं हे फार आवडलं.

या धंद्याबद्दल बोलताना लोक मोटरीबद्दल बोलतात. किती वॅट, ताशी किती किलोमीटर. ते बरोबरच आहे, मोटरीशिवाय ही नुसती घसरपट्टी. तिचा वेग सांभाळणारं नियंत्रक सर्किट स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी आराखड्यासकट सर्वांसाठी खुलं केलं, म्हणून माझ्या भाच्यासारखी मुलं पत्र्याच्या खोलीत बसून हे करू शकतात. पण पावलाला मोटर कळत नाही, फळी कळते. रस्ता कसा आहे, चाक कुठे घसरू लागलंय, किती झुकायचं, हे सगळं फळीतूनच वर येतं. आणि सगळी अडचणही तिथेच आहे.

ती अडचण भिंतीकडच्या टेबलावर मांडून ठेवली आहे. अंगठ्यापेक्षा थोडे जाड, सत्तर मिलिमीटर लांब असे ४८ सेल. चार-चारांचे बारा गट, एकापुढे एक जोडलेले. पूर्ण भरले की ५०.४ व्होल्ट. हे सगळं फळीच्या पोटाखाली बसवायचं. फळीनं लवायला हवं आणि बॅटरीनं लवता कामा नये.

भाचा बाही वर करून कोपर दाखवतो. पांढुरका, बोटभर लांब व्रण. पहिल्या फळीत त्यानं सगळे सेल निकेलच्या सरळ पट्ट्यांनी जोडले होते. तार दहा वेळा वाकवली की तुटते, तसं त्या पट्ट्यांचं झालं, तिसऱ्या महिन्यात, उतारावर. या बोर्डाचा ब्रेकही मोटरच लावते. वीज गेली म्हणजे ब्रेक गेला.

"आईला सांगू नकोस," तो म्हणतो. मी काही बोलत नाही. सांगणार आहे.

आता तो गटांमध्ये सिलिकॉनच्या वेष्टणाची मऊ तार वापरतो आणि प्रत्येक तारेला मुद्दाम थोडी ढील ठेवतो. गट एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये जाड कागदी इन्सुलेशन. खालचा डबा फळीला घट्ट आवळत नाही. मध्ये रबराची गादी असते, म्हणजे फळी लवताना डब्याला तडा जात नाही आणि पावसाचं पाणीही आत जात नाही. डब्याचे स्क्रू जिथे लागतात तिथे लाकडात पितळी आटे बसवलेले. त्यांची खोली मोजताना मात्र त्याचा चेहरा बदलतो. एखादा स्क्रू दोन मिलिमीटर लांब निघाला आणि त्याचं टोक सेलला टोचलं, तर आग. प्रत्येक स्क्रू तो कॅलिपरनं मोजतो. सोळाही.

अमेरिकेच्या बूस्टेड कंपनीनं २०१२ साली लोकांकडून पैसे उभारून आपला बोर्ड काढला तेव्हा बांबूची लवचीक फळी घेतली आणि बॅटरी एका टोकाला, सर्किट दुसऱ्या टोकाला बसवलं. मधला भाग मोकळा. कंपनी २०२० मध्ये थांबली, पण ती मांडणी अजून लोक उचलतात. भाच्याला ती सुंदर वाटते, मात्र टोकाला एवढीशीच बॅटरी मावते आणि ९२ किलोच्या माणसाला ती लवकर संपते. म्हणून हा मधला मार्ग.

"बांबूच घ्यायचा होता," मिस्त्री बशीतला चहा संपवत म्हणतात. "आमचे आजोबा कावडीनं पाणी वाहायचे. कावड ताठ असली तर खांदा जातो. बांबू लवला पाहिजे, माणसाच्या चालीबरोबर. माणूस पाऊल उचलतो तेव्हा तो खाली, माणूस खाली तेव्हा तो वर."

भाचा वही काढतो आणि हे लिहून घेतो. सिंधुदुर्गात शेताच्या बांधांवर वाढणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्याच्या पट्ट्या उभ्या चिकटवून मधला गाभा करता येईल का, यावर दोघं बोलत बसतात. मला निम्मं कळतं. फायबरग्लासऐवजी कार्बनचं कापड का नको, हे मात्र कळतं: कार्बन विजेचा वाहक, तो रेडिओ लहरी अडवतो. हातातल्या रिमोटचा संदेश खालच्या डब्यापर्यंत पोचला नाही तर उपयोग काय.

दुपारी कालची, बहिणीची फळी टेबलावर येते. कडा वेड्यावाकड्या, गोंदाचे ओघळ वाळलेले. भाचा मध्यरेषा आखतो आणि पुठ्ठ्याचा साचा तिच्यावर ठेवतो. साचा अर्ध्याच फळीचा आहे. एका बाजूला शिसपेन्सिल फिरवायची, मग तोच उलटून दुसऱ्या बाजूला. पूर्ण साचा हातानं काढला तर दोन कुशी कधीच सारख्या येत नाहीत.

कापायला जिगसॉ मिस्त्री घेतात. पातं रेषेच्या एक मिलिमीटर बाहेरून जातं, उरलेलं कानस आणि पॉलिश पेपर बघून घेतील. चाकांच्या वर अर्धचंद्रासारख्या खाचा कोरल्या जातात. झुकून वळताना चाक फळीला लागलं तर ते जागच्या जागी थांबतं आणि माणूस पुढे जातो. मग ट्रकची भोकं, म्हणजे चाकांचे आस ज्या धातूच्या जोडणीवर बसतात तिची. पुढे चार, मागे चार, ४१ मिलिमीटर रुंद, ५४ लांब. पुढची आणि मागची चौकट एका रेषेत नसली तर बोर्ड आयुष्यभर एका बाजूला ओढत राहतो. गुण्या लावून भाचा तीनदा मोजतो. गिरमिटाच्या खाली मेपलचा भुसा पडतो, फिकट आणि बारीक, त्याला किंचित गोडसर वास आहे.

कडा गोल होतात. फळी दोन विटांवर टेकवली जाते, ट्रक जिथे येणार नेमक्या तिथे. मिस्त्रींचं वजनही अठ्ठावन्नच्या आसपास. ते चपला काढतात, पाय पुसतात, फळीवर चढतात आणि डोळे मिटून घेतात. गुडघे किंचित वाकवतात, सोडतात. फळी खाली जाते, वर येते. पाऊस थांबला आहे. बोळात कुणीतरी हातगाडी ओढत नेतंय.

"उजवीकडे जास्त लवतंय."

"काका, दोन्हीकडे सारखेच थर आहेत."

"बघ मोजून."

भाचा गुडघ्यावर बसतो, पट्टी उभी धरतो. डावीकडे ५ मिलिमीटर, उजवीकडे ७. तो पुन्हा मोजतो. तितकेच. फळी उलटी करून दोघं खालच्या कडेला डोळा लावतात. मिस्त्रींची नख वाढलेली करंगळी एका थरावरून सरकत जाते. तिथे लाकडाच्या रेषा सरळ न जाता तिरप्या कडेला सुटल्या आहेत. विनिअर लावताना ते पाहायचं राहून गेलं.

भाच्याचा चेहरा पडतो. मला वाटतं, आता तो म्हणेल की दोन मिलिमीटरनं काय होतं. तो म्हणत नाही. उजव्या पोटाला तळहाताएवढ्या रुंदीची फायबरग्लासची आणखी एक पट्टी लावायची, धागे लांबीत, असं ठरतं. ती वाळेपर्यंत उद्याचा दिवस जाणार. बहिणीला फोन करून तो सांगतो की शनिवारी मिळणार नाही. कारण विचारल्यावर तेही सांगतो, न लपवता.

रात्री आठला गोधडी निघते. पंप बंद. पिशवीची एक कड उचलताच हवा सुस्कारा टाकत आत शिरते आणि प्लॅस्टिक सैल पडतं. भाचा फळी साच्यातून सोडवतो. दहा तास दाबून ठेवलेलं लाकूड सुटलं की थोडं मागे येतं; म्हणून साच्यातली कमान त्यानं १४ मिलिमीटरची ठेवली होती, १२ मिळावी या हिशेबानं. टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणला जातो. मिस्त्री एक टोक धरतात, एक मी धरते. तो मधोमध पट्टी लावतो आणि बल्बजवळ वाकून बघतो.

"साडेअकरा."

"कापू नको आज," मिस्त्री म्हणतात. "रात्रभर राहू दे. सकाळी काय म्हणतंय बघू."

ते दोन पट्ट्या भिंतीशी ठेवतात आणि फळी त्यांवर आडवी टेकवतात, खालून-वरून वारा लागेल अशी. भाचा खिशातून पेन्सिल काढून लाकडावरच लिहितो: भाऊ, आठ थर, ११.५, रात्री ८.१०.