जुना बंब, नवा रंग आणि कारागिराचा शब्द

आमच्या रंगकामाच्या गॅरेजात एकदा सेवेतून निवृत्त झालेला आगीचा बंब आला. तो पुन्हा आग विझवायला जाणार नव्हता. अग्निशमन केंद्राच्या आवारात आठवण म्हणून उभा राहणार होता. आम्ही गाडीभोवती एक फेरी मारली, दर सांगितला आणि बयाणा घेतला. इथेच आमची चूक झाली.

रंग खरवडला तेव्हा टाकीखालचा पत्रा बोटाने दाबताच तुटू लागला. बंबाचे हे जुने दुखणे आहे. टाकीतून पाझरणारे पाणी सांध्यांत साचते, गंज आतून खात जातो आणि वरचा लाल रंग शाबूत दिसतो. भोकांवर पुट्टी भरून रंगाचा हात मारला असता, तर त्या दिवशी कोणालाही कळले नसते. एखाद्या पावसाळ्यानंतर फुगे आले असते, पण तोवर बिल वसूल झाले असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओलावा लागला, हा प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे विचारून त्यांनी फसवणुकीची कमाई करणाऱ्याला कडक शब्दांत बजावले. पुट्टीखालचा गंज म्हणजे तोच भिजलेला माल. आम्ही काम देणाऱ्यांना बोलावून पत्रा दाखवला. नव्या पत्र्याचा खर्च त्यांनी मान्य केला. आमच्या चुकीच्या अंदाजामुळे वाया गेलेली मजुरी आम्ही सोसली.

तेव्हापासून जुन्या गाडीचा दर आम्ही दोन टप्प्यांत देतो. पहिला खरवडण्याचा, दुसरा उघडा पत्रा पाहिल्यानंतरचा. दोन्ही कागदावर लिहून, सही घेऊन. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, ती गॅरेजवाल्यालाही लागू पडते.

कामाविषयी थोडे. खरवडण्याआधी जुनी अक्षरे, पट्टे आणि बोधचिन्ह यांचा खाका ट्रेसिंग कागदावर उतरवून घ्यावा. एकदा गेले की परत मिळत नाहीत. लाल रंग अंदाजाने निवडू नये. नंबरपट्टी किंवा बिजागरीखाली मूळ रंग उन्हापासून वाचलेला असतो, त्याच्याशी जुळवावा. भारतीय मानक ५ मध्ये 'फायर रेड' ५३६ आणि 'पोस्ट ऑफिस रेड' ५३८ असे वेगवेगळे लाल आहेत. पत्रा उघडा झाला की प्रायमर लवकर मारावा, दमट हवेत तो बघता बघता गंजतो. लाल रंग झाकायला कमजोर, म्हणून खालचा थर सगळीकडे एकसारखा हवा. नाहीतर पुट्टीचे डाग वर दिसतात. पितळी घंटा मात्र रंगवू नये, तिला फक्त घासून चमक द्यावी.

आता जिवाची गोष्ट. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. हे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, ती धूळ लेकरांच्या पोटात जाते. हार्डनर मिसळलेल्या पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल तो अडवत नाही. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क महाग आहे, पण त्याचा खर्च दरातच धरावा. शरीर ही अल्लाहची अमानत आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान कामी आले. म्हणून १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. बंब रंगवताना ही माणसे आठवावीत. ज्या गाडीच्या भरवशावर लोकांनी जीव सोपवला, तिच्या पत्र्याशी तरी खोटे बोलू नये. बरकत त्यातच आहे.